अक्का, तुझा ताठ कणा

अक्का, तुझ्या दहाव्याला ओढ्याकाठी जमलेली माणसं तुझ्याविषयी काय बोलत होती सांगू? "म्हातारी शेवटापत्तोर ताठ व्हती." एकानं म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग विंझरहून आलेल्या तुझ्या चुलत दिरानंही तेच म्हटलं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत दुसरा विषय नाही. मी त्यांच्यातच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पाठीला पोक, हनुवटी छातीकडे, समोरच्याचं तोंड बघायचं तर डोळे कपाळात न्यावे लागतात अशी. मला रडू येत होतं आणि तुझा हेवाही वाटत होता. लोक म्हणतील, ऐंशी ओलांडली तरी बाईची खोड गेली नाही. नाहीच गेली. आता तुझ्याशी खोटं बोलून काय करू?

आपल्या आईची पाठ आठवते तुला? शेवटी शेवटी ती चालायची तेव्हा जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतेय असं वाटायचं. पोरं मागून नक्कल करायची आणि तू त्यांच्या अंगावर दगड घेऊन धावायचीस. दिसायला तू आईसारखी, ते घारे डोळे, ती कपाळाची ठेवण. मला तिचा बाक मिळाला. वाटणी करताना देवानं निदान विचारायला हवं होतं.

लोकांना वाटायचं, नशीब माझं. मामांनी मला भोरला शिकायला नेलं, मी मास्तरीण झाले, कचेरीत नोकरी असलेला नवरा मिळाला, नळाचं पाणी मिळालं. तू पालीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत, शेळ्या नि म्हशींच्या मागं. तरी आई म्हातारपणी राहिली तुझ्याकडे. भोरला चार दिवस यायची आणि पाचव्या दिवशी म्हणायची, "मला सोनाकडं घालवा." मी तिच्यासाठी मऊ भात करायची, गादी घालायची, पंखा लावायची. ती तुझ्या धुरकट घरात घोंगडीवर निजायला निघायची. एसटीच्या खिडकीतून मला हात करताना तिचा चेहरा सुट्टी लागलेल्या पोरासारखा असायचा. हे मी तुला कधी बोलले नाही. तू हसली असतीस.

आणि तो व्हिडिओ! गडावर जाणारी पोरंपोरी तुझ्या पडवीत ताक प्यायला थांबायची. त्यांतल्या कुणीतरी तू डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढतेस ते मोबाईलवर घेतलं. ते फिरत फिरत पुण्याला माझ्या नातवाकडे आलं आणि नातू तो घेऊन माझ्याकडे आला. "आजी, अक्काआजी फेमस झाली! बघ, नव्वदीची बाई, कशी सरळ चालते." मी चष्मा लावून बघितलं. खरंच सरळ चालत होतीस. नातवानं तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. मी त्याला म्हटलं, "पुरे आता, चहा गार होतोय."

माझी पाठ कशी गेली ते तुला माहीत आहे. पिठाचा डबा ओट्यावर ठेवायला उचलला आणि पाठीत काहीतरी बारीकसं मोडलं. पडले नाही, घसरले नाही, डबा तर नीट ओट्यावर ठेवला. पहिल्यांदा सगळे म्हणाले, उसण भरली. मग म्हणाले, वात. मग म्हणाले, वय झालं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला दाखवला. एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांमधला एक पुढच्या बाजूनं चेपला होता. "बाई, हे फ्रॅक्चर आहे," ते म्हणाले. "तुमची हाडं आतून पोकळ होत चाललीत. जाळी विरळ होते तशी. अशा हाडाला मोडायला अपघात लागत नाही, खोकलासुद्धा पुरतो." त्यांनी गोळ्या दिल्या, वर्षातून एकदा सलाईनमधून घ्यायचं औषध सुरू केलं. पण त्या मणक्यानंतर आणखी एक चेपला आणि मी झाले हुबेहूब आपली आई.

तेव्हा तू आली होतीस. कापूरहोळला गाडी बदलून, एका हातात शेळीच्या दुधाचा डबा, दुसऱ्यात नाचणीच्या पिठाचं गाठोडं. मला कुशीवर वळवलंस, माझे केस विंचरलेस. मला वाटलं, आता राहील ही. चार दिवसांत तुझ्या लेकाचा, महादूचा फोन आला की शेळी व्यायला झालीय आणि अडलीय. तू लगेच लुगडं सावरलंस.

"तुला माझ्यापेक्षा शेळी जवळची," मी म्हटलं.

"आगं, तुला बोलता येतं," तू म्हणालीस. "तिला कोन हाय?"

तू गेलीस. माझा मुलगा पुण्याहून शनिवार-रविवार यायचा, बाकीचे दिवस पगारी बाई. तिकडे तुझी सून सुमन तुझ्यासाठी चहा घेऊन गोठ्यापर्यंत येत असेल, आत्याबाई म्हणून हाक मारत असेल, असं पडल्या पडल्या डोळ्यांसमोर यायचं. मला सून आहे, वाईट नाही. पण ती मला "तुमची औषधं झाली का?" असं फोनवर विचारते. सुमन तुझ्या पायाला तेल लावायची. माणसानं हेवा करू नये असं सांगायला सोपं असतं, ज्याच्या पायाला कुणी तेल लावतं त्याला.

मग तुझं मनगट मोडलं. गोठ्यात पाय सटकला, हात टेकलास आणि गेलं. हाडवैद्याकडून पाला-पट्टी करून घेतलीस, वाकडं का होईना, जुळलं. मी तुला बघायला मुद्दाम वर आले आणि आपलं भांडण झालं.

"अक्का, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. आज हात गेला, उद्या खुबा जाईल. माझ्याबरोबर चल, तपासून घे."

"बारके, तुजी हाडं साळंच्या खुर्चीवर बसून मऊ झाली. माजी बाभळीची हायत."

"बाभळीची असती तर मोडली असती का?"

"घसरल्यावर हत्तीबी मोडतो."

"निदान गोळ्या तरी घे."

"उष्ण पडत्यात त्या." मग तू सुमनकडं बघून हसलीस आणि म्हणालीस, "वाकल्यालं मानूस ताठ मानसाला शिकवाय आलंय बग."

सुमन हसली नाही, हे मी तेव्हाही पाहिलं. पण मी उठले. भाकरी न खाता उठले. त्यानंतर आपण कितीदा भेटलो, लग्नांत, बारशांत, जत्रेत; तो विषय तूही काढला नाहीस आणि मीही. तुला ताठ चालत येताना लांबून बघायची आणि मनात म्हणायची, चाल बाई, चाल. त्यात माया किती आणि दुसरं काय किती, ते तू ओळखत असशील.

सुमनचा फोन आला तेव्हा मी गोळ्यांच्याच डबीशी बसले होते. "मावशी, आत्याबाई पडल्या." मग लगेच म्हणाली, "पडल्या बी न्हाईत वो. करडाचं दावं सोडाय वाकल्या, वळल्या, आन् उब्या व्हत्या तितंच खाली बसल्या. पाय हालवू देईनात." मी विचारलं, "पाय आखूड दिसतोय का? बाहेरच्या अंगाला वळलाय का?" ती म्हणाली, "व्हय." मला पुढचं विचारायची गरज राहिली नाही.

महादूनं तुला जीपमध्ये वाकळा अंथरून निजवलं. मी पुण्याला जायला निघाले आणि कापूरहोळच्या चौकात, धाब्याच्या सावलीत उभी राहिले. डावीकडून उजवीकडून ट्रक जातायत, मला मान वर करून गाडीचा नंबर दिसत नाही. तुम्ही नसरापूरवरून सरळ पुण्याकडे वळू शकला असतात, पण महादू मला घ्यायला उलटा खाली आला. का ते मला गाडीत कळलं.

"तिला घेतल्याबिगार न्हाई जायाचं," असं तू वाटेत धरून बसली होतीस, म्हणे. मला बघून मात्र म्हणालीस, "तू कशाला आलीस तुजी कंबर घिऊन?"

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल. महादू मागं वळून बघायला लागला. वाडीतली दोन माणसं बरोबर आली होती, ती म्हणाली, "ह्या वयात चिरफाड कशाला? हाडवैद्याला दावू. पडून ऱ्हाईल घरात, हाय तवर सांभाळू." त्यांचं काही चुकत होतं असं नाही, त्यांनी आयुष्यात हेच पाहिलं होतं. डॉक्टर तरुण होते पण घाई करणारे नव्हते. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ऑपरेशनमध्ये धोका आहे, मी नाही म्हणत नाही. पण या वयात नुसतं पडून राहण्यात जास्त धोका आहे. फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्त गोठतं. मोडलेल्या हाडापेक्षा अंथरूण माणसाला लवकर नेतं. लवकर उभं केलं तर चालण्याची आशा आहे."

मी महादूला समजावायला तोंड उघडलं तोच तू बोललीस.

"निजून मरायचं आसंल तर म्हाताऱ्या बाईला इतक्या लांब कशापाय आनलं? उबी करा मला. मंग बगू."

इतके सगळे उभे होतो, तुझ्यासाठी भांडायला तयार होतो, आणि निर्णय तू एका दमात घेतलास. मलाही कुणी विचारलं असतं तर मी एवढ्या सहज बोलू शकले असते? नाही. मी मुलाला फोन केला असता.

तुझे सगळे फोटो काढून झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. खुब्याचा दाखवला आणि मग पाठीचा. मी तो फोटो बघितला आणि मला वाटलं, चुकून माझा लावलाय. ठोकळे तसेच, दोन जागी चेपलेले. "हे जुने आहेत," डॉक्टर म्हणाले. "कधीतरी होऊन गेले. यांची उंची कमी झाली असणार. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

सुमन तोंडावर पदर धरून म्हणाली, "मंग म्हनून शिंक्याची दोरी लांबवाय लावली व्हय आत्याबाईंनी. एकदा न्हाई, दोनदा. मला म्हनाल्या, छपार वर गेलंय."

अक्का, तुला सांगते, मला पाठ टेकायला भिंत शोधावी लागली. वर्षानुवर्षं मी ज्या कण्याचा हेवा केला तो माझ्यासारखाच मोडलेला होता. एका आईच्या दोघी. तुझे मणके मधोमध दबले, माझे पुढून, म्हणून तू सरळ आणि मी वाकडी, एवढंच. डॉक्टरांनी असंच समजावलं. पण मला ते एवढंच वाटेना. मी वॉर्डात तुझ्याजवळ आले.

"अक्का, पाठ दुखत होती तुझी?"

"दुखायची की."

"किती वर्षं?"

"कोन मोजतंय."

"मला का सांगितलं नाहीस?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "तुजी दुखत व्हती ना. एका घरात दोगींनी कन्हून कसं चालंल?"

मला राग आला. खरं सांगते, आधी राग आला. म्हणजे दुखणंही तू माझ्यापेक्षा चांगलं दुखलीस! मी आठवडेच्या आठवडे कण्हले, सगळ्या भोरला ठाऊक झालं. तू तेच दुखणं घेऊन भारे वाहिलेस. माझ्यावर मात करायला तू काहीच करत नव्हतीस, हेच मला सोसत नव्हतं. रडू नंतर आलं, कॉरिडॉरमध्ये, नर्सनं "आजी, पाणी हवं का?" विचारल्यावर.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली आणि तुला उभं केलं. तुझा चेहरा पांढरा पडला, खालचा ओठ दातात धरलास, पण उभी राहिलीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुना टाळ्या वाजवायला लागल्या. मुलगी म्हणाली, "आजी, काय ताठ उभ्या राहिलात!" मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. पुन्हा तेच! पण टाळ्या मीही वाजवल्या अक्का, आणि सगळ्यांत उशिरा थांबवल्या.

तू बरी होत होतीस तेव्हा मी भोरच्या घरात तुझी सोय करायला घेतली. मुलाकडून संडासात नि न्हाणीत धरायला दांडे बसवून घेतले, पायात येणाऱ्या सतरंज्या उचलल्या, उंबऱ्यापाशी उतरण करून घेतली, दिव्याचं बटण खाटेच्या हाताशी आणवलं. डॉक्टर जवळ, रस्ता सपाट. हाडांचं औषध घ्यायला तू आता कबूल झाली होतीस, खुबा जरा जुळला की सुरू करायचं ठरलं होतं. मी दोघींसाठी एकच वेळ लावणार होते. शेजारीशेजारी खुर्च्यांत सलाईन लावून बसलेल्या आपण दोघी माझ्या डोळ्यांसमोर होतो. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे राहणार होतीस आणि तुला बोलावून न्यायला कुणी शेळी नव्हती.

गाडी कापूरहोळपर्यंत आलीच नाही. अलीकडेच, नसरापूरला वळली. सुमनचा फोन आला, "मावशी, आत्याबाई ऐकंनात. म्हनत्यात, घरला चला." मागून तुझा आवाज आला, "बारकीला म्हनावं, रागवू नगं." मी फोन ठेवला. केलेला शिरा कामवाल्या बाईला दिला.

पुढच्या आठवड्यात वर आले ती भांडायच्याच तयारीनं. महादूनं दारापासून गोठ्यापर्यंत बांबूचा कठडा बांधला होता. अंगणातले दगड काढून जमीन चोपून घेतली होती. तू वॉकर धरून अंगणात आलीस, आणि सुमन तुझ्यामागे एक हात तुझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर धरून चालत होती. शिवत नव्हती. नुसता धरलेला हात. तुला तो दिसत नव्हता, तरी तो तिथं आहे हे तुला ठाऊक होतं, हे तुझ्या चालण्यात दिसत होतं. मी न्हाणीत जे दांडे बसवले ते चांगल्या स्टीलचे आहेत. पण त्यांना पाहून कुणी असं चालत नाही. भांडण मी तोंडातल्या तोंडात गिळलं आणि तुझ्या हातचा नव्हे, तिच्या हातचा चहा प्यायले.

तू गेलीस ती तापानं. छातीत कफ झाला, वेल्ह्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दोन दिवस बरं वाटलं. मग एका सकाळी उन्हात बसवलं होतं, तेव्हा चहाचा घोट घेऊन तू सुमनच्या खांद्यावर मान टाकलीस. तिला वाटलं, डोळा लागला. ती तशीच बसून राहिली, तुझी झोप मोडू नये म्हणून. लोक मला सांगतात, किती छान मरण. मी मान हलवते. माझी मान तशीही खालीच असते, त्यांना हो वाटतं. मला विचारायचं असतं, औषध आधीच, मनगट मोडलं तेव्हाच सुरू केलं असतं तर? कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित तू आजही करडाचं दावं सोडत असतीस. हे तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं, आणि त्यात मी जिंकले असते, अक्का. या एका भांडणात मी जिंकले असते.

तेराव्यानंतर निघताना सुमन मला उतरणीवरून जीपपर्यंत पोचवायला आली. तिची पन्नाशी उलटलीय. माझा हात धरून चालताना मध्येच थांबली.

"मावशी, तुमच्या डॉक्टरकडं मला कवा न्याल?"

तिचं तोंड दिसावं म्हणून मी डोळे कपाळात नेले.

"आत्याबाई सांगून गेल्यात. म्हनाल्या, हाडांचं बारकी सांगंल ते ऐक. तिच्यासंगं माज्यावानी भांडू नगंस. माजं चुकलं."

"असं म्हणाली? माजं चुकलं, असं?"

"व्हय. आसंच."

मला गहिवरून आलं. दुसऱ्याच क्षणी माझ्या मनात आलं, तिला सांगितलं! हे तिला सांगितलं, मला नाही. मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते, अंगणात तुझ्यासमोर बसले होते. दोन शब्द. भाकरी न खाता उठून गेलेल्या बहिणीला दोन शब्द द्यायला तुझं काय जात होतं? जीपमध्ये बसल्यावर मी पार कापूरहोळ येईपर्यंत तुझ्यावर चिडलेली होते. मग भोरच्या रस्त्याला लागल्यावर तो राग कुठंतरी उतरून गेला, आणि हातात काहीतरी ऊबदार राहिलं, त्याला काय म्हणायचं मला येत नाही. मराठी शिकवत होते मी, तरी.

काल सुमनला डॉक्टरांकडे नेलं. तिची पाळी कधी गेली, आधी कुठलं हाड मोडलंय का, घरात कुणाचा खुबा मोडलाय का, सगळं विचारलं. सासूचा मोडला म्हणून ती सांगायला लागली तर डॉक्टर हसून म्हणाले, सासूचा चालत नाही, आईचा सांगा. हाडांची घनता मोजायची तपासणी लिहून दिली. पुढच्या आठवड्यात पुण्याला घेऊन जाईन. निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी मावससासू म्हणणार होते. तेवढ्यात सुमननं माझा दंड धरून मला खुर्चीतून उठवलं आणि सहज, पदर नीट करता करता, म्हणाली, "सासू."

रागावू नकोस, अक्का. मी ते दुरुस्त केलं नाही.